न घेतलेल्या कर्जाची वसुली



दुपारची जेवणे आटोपलेली असतात, घरातील कर्ती माणसे कामावर गेलेली असतात, आपण नुकतेच अंग टाकलेले असते आणि फोन वाजतो. पलीकडचा आवाज आपले पूर्ण नाव घेतो, गाव सांगतो, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अचूक म्हणून दाखवतो आणि मग बजावतो की, आपल्या नावावर कर्ज थकले आहे, सायंकाळपर्यंत भरणा झाला नाही तर वॉरंट निघेल. कोणते कर्ज, ते केव्हा घेतले, कोणी घेतले, हे विचारण्याआधीच छातीत धडधड सुरू होते.

हे सदर आरोग्याचे असताना थकबाकीच्या फोनचा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. असा एक फोन क्षणात रक्तदाब वाढवतो, आठवडाभराची झोप नेतो आणि कित्येकदा ज्या पुंजीवर पुढची औषधे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि म्हातारपणाचा स्वाभिमान अवलंबून असतो, ती पुंजीही नेतो. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे. ज्येष्ठांनी हा लेख स्वतःसाठी वाचावा आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनी शक्य तर त्यांच्या शेजारी बसून वाचावा.

घाव कोठे बसतो

अशा फोनला अडाणी माणसेच फसतात, हा समज प्रथम सोडून द्यावा. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे ८२ वर्षांचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यापुढे ठगांनी तपास यंत्रणेचे अधिकारी म्हणून सोंग आणले, दूरचित्रसंवादावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी घडवली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. तक्रार झाल्यावर त्यांपैकी सुमारे सव्वापाच कोटी परत मिळाले. प्रकरण कर्जाचे नव्हते. डाव मात्र हाच होता. आयुष्यभर मोठा कारभार सांभाळलेल्या माणसाची ही स्थिती होते, तर एकट्या बसलेल्या आजीबाईंना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

ठग माणसाच्या अज्ञानापेक्षा त्याच्या अब्रूवर अधिक भरवसा ठेवतो. आपल्या वऱ्हाडात तर कर्ज या शब्दामागे पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण उभी आहे. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आपल्या मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली होती. कर्ज काढून सण आणि तेरवी करू नका, हे ते पुढे जन्मभर कीर्तनातून सांगत राहिले. ज्यांच्या आईवडिलांनी ती कीर्तने ऐकली, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कापसाचे पैसे हाती येताच आधी सोसायटीचे देणे फेडायचे आणि मग लुगडे घ्यायचे, ही त्यांची रीत. अशा माणसाला कोणी 'थकबाकीदार' म्हटले की त्याला त्या रकमेपेक्षा तो शब्दच अधिक लागतो. घेतलेला पैसा ज्याने कधी बुडवला नाही, तोच या फोनला लवकर बळी पडतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची आणि २०१९ अखेरीस जाहीर झालेली कर्जमुक्ती, यांतून अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांतील पीककर्जे पूर्ण किंवा अंशतः सुटली. परंतु कोणते सुटले, कोणते राहिले, व्याजाचे काय झाले, हे घरातील एखाद्यालाच ठाऊक असते. आणि पुष्कळदा ते ठाऊक असलेला माणूस आज हयात नसतो. फोनवरचा आवाज जेव्हा म्हणतो, 'तुमच्या यजमानांच्या नावावर बाकी आहे,' तेव्हा त्या माउलीला ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही. नेमक्या त्या अडखळण्यात ठगाचा पाय रोवला जातो.

हा रचलेला धंदा आहे

असा फोन म्हणजे एखाद्या उडाणटप्पूचा उद्योग नसतो. तो किती पद्धतशीर चालतो, हे आपल्याच राज्यात उघड झाले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. तेथील तरुण-तरुणी परकी नावे धारण करून अमेरिकेतील घरांत फोन करीत आणि आपण तेथील कर खात्यातून बोलत असल्याचे सांगत. आपला कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील, असा धाक घातला जाई. काय बोलायचे, हे लिहून दिलेले असे. पैसे दुकानांत मिळणाऱ्या भेटकार्डांच्या क्रमांकांच्या रूपाने उकळले जात, कारण त्यांचा माग लागणे कठीण. अहमदाबादेतील अशाच कॉल सेंटरांशी संबंधित खटल्यात जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या ह्यूस्टन येथील न्यायालयाने २१ जणांना कमाल २० वर्षांपर्यंतच्या कैदेच्या शिक्षा दिल्या. या टोळ्यांच्या सावजांत वृद्ध आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेली माणसे मोठ्या संख्येने होती.

टेक्सासातील आजोबांना घातलेला धाक आणि दर्यापूरच्या आजोबांना आज घातला जाणारा धाक यांत भाषा तेवढी बदलली आहे. धमकी, घाई आणि गुप्तता ही तीन अंगे तीच. कधी बँकेचे नाव असते, कधी वित्तसंस्थेचे, कधी वीजबिलाचे. 'मागील बिल भरलेले दिसत नाही, आज रात्री पुरवठा तोडू,' हा निरोप तर पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे.

आपली माहिती यांना मिळते कशी, हा प्रश्न साहजिक आहे. आधारच्या छायाप्रती आपण सिमकार्डापासून लॉजपर्यंत सर्वत्र देत आलो. अनेक ठिकाणांहून ग्राहकांच्या याद्या बाहेर पडतात आणि विकल्या जातात. तेव्हा समोरच्याला आपले नाव, पत्ता किंवा आधारचे चार आकडे ठाऊक असणे, हा तो खरा असल्याचा पुरावा नव्हे. गणवेशातले छायाचित्र आणि बोधचिन्ह असलेले पत्रही कोणालाही बनवता येते.

खऱ्या देण्याची लक्षणे

मग खरे आणि खोटे निवडावे कसे? एक कसोटी ध्यानात ठेवली तरी पुरे: खरे देणे चौकशीला थांबते, खोट्या देण्याला चौकशी सोसत नाही. खऱ्या बँकेला आपण 'उद्या शाखेत येतो' म्हणालात तर ती रागावत नाही. तिला तेच हवे असते. ठगाला मात्र उद्याचा दिवस उजाडू द्यायचा नसतो.

या कसोटीला कायद्याचा आधार आहे. केवळ हप्ता थकला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तो दिवाणी व्यवहार आहे. लबाडीने घेतलेले कर्ज किंवा न वटलेला धनादेश यांची गोष्ट वेगळी, पण तेथेही रीतसर नोटीस आणि समन्स येते. पोलीस बँकेची वसुली करीत नाहीत, आणि फोनवर किंवा दूरचित्रसंवादावर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. 'डिजिटल अटक' हा ठगांनीच रूढ केलेला शब्द आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही लोकांना त्याविषयी सावध केले होते.

वसुली करणाऱ्या खऱ्या प्रतिनिधींनाही बंधने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या निर्देशांनुसार सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. बचत गटांतील भगिनींना परिचित असलेल्या सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे. शिवीगाळ, धमकी, निनावी फोन, खोटी ओळख आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणे, हे सारे निषिद्ध आहे. घरी येणाऱ्या प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असलेच पाहिजे. ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दिवंगत पती किंवा पित्याच्या कर्जाचा धाक घातला जातो, तेव्हा हेही माहीत असावे: वारसांची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर आपल्या निवृत्तिवेतनावर ती येत नाही. मात्र जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते देणे मूळ कर्जदाराइतकेच आपले असते. ते नाकारू नये. शाखेत जाऊन समजून घ्यावे. या लेखाचा हेतू देणे चुकवायला शिकवण्याचा नाही; ज्याचे त्याला देता यावे, ठगाला नव्हे, एवढाच आहे.

फोन आल्यावर

भीती वाटली की शरीरात अॅड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि विचार एकाच दिशेने धावू लागतो. पळून जीव वाचवण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना हिशेब तपासण्याच्या कामाची नाही. म्हणून ठग आपल्याला फोन ठेवू देत नाही. श्वास खाली बसला की विवेक परत येतो, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा पहिला उपचार म्हणजे फोन बंद करणे. यात उद्धटपणा नाही. बोलायचेच असेल तर एवढेच बोलावे: 'काय असेल ते लेखी पाठवा. मी शाखेत जाऊन विचारतो.' हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना तर त्याचा फारच उपयोग. नीट न ऐकता सवयीने 'हो, हो' म्हटले जाते आणि ठगाला तेवढे पुरते.

मग खुर्चीत बसावे, पाणी प्यावे, सावकाश दहा-बारा श्वास घ्यावेत आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला झालेले सांगावे. 'कोणाला सांगू नका' असे जो म्हणतो त्याचे ऐकू नये, हा नियम पाळला तरी बहुतेक डाव तेथेच फसतात. रक्तदाबाचे यंत्र घरी असल्यास अर्ध्या तासाने मोजून पाहावा. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ जड होणे, हातपाय लुळे वाटणे यांपैकी काहीही झाले तर पैशाचा विचार बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चौकशी करायची ती पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर किंवा प्रत्यक्ष शाखेत. फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर कधीही नाही. वीजबिलाची शंका महावितरणच्या १९१२ क्रमांकावर फिटते. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत असे समजावे. आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असे अॅप कोणी टाकायला सांगितले तर ते टाकू नये. संशयित फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीतून कळवता येते.

देखभाल करणाऱ्यांसाठी

आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, दबक्या आवाजात बोलते, जेवण टाकते, घंटी वाजली की दचकते, मुदत ठेव मोडण्याचा विषय काढते पण कारण सांगत नाही, अशी लक्षणे दिसली तर शांतपणे जवळ बसावे. पहिले वाक्य 'तुला किती वेळा सांगितले होते' हे असू नये. रागाच्या भीतीने माणसे गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यातच दुसरा आणि तिसरा हप्ता जातो. 'आई, सांगितलेस ते बरे केलेस' या एका वाक्याने ती पुढच्या वेळी आपणहून सांगेल.

घरात दुसरीही शक्यता असते. नातवाने मोबाइलवरील अॅपवरून झटपट कर्ज घेतलेले असते आणि वसुलीचा फोन आजोबांना येतो. छायाचित्रांत फेरफार करून बदनामी करण्याची धमकी दिली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अॅपला फोनमधील संपर्कांची यादी घेता येत नाही, आणि वसुलीसाठी प्रतिनिधी नेमला तर त्याची माहिती कर्जदाराला आधी संदेशाने किंवा ई-मेलने द्यावी लागते. तेव्हा अशा धमकीला पैसे देऊन शांत करण्याचा प्रयत्न करू नये. मागणी वाढतच जाते. नातवाला मात्र वाळीत टाकू नये. या छळापायी जीव नकोसा झालेल्या तरुणांच्या आणि वृद्धांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. घरात कोणी निराशेचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये. 'टेलिमानस'च्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

ज्येष्ठ व्यक्ती पुन्हा पुन्हा फसत असेल किंवा पूर्वी चोख असणारा हिशेब आता तिला जमत नसेल, तर तिला बोल लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पैशाचे व्यवहार न उमजणे हे स्मृतिभ्रंशाचे एक आरंभीचे लक्षण असू शकते.

पैसे गेलेच तर

तर लाजत बसू नये आणि सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. तेथे रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, आपली बँक आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक विचारतात. तो कागद हाताशी ठेवावा. पैसा ठगाच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, म्हणून तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता अधिक. त्याच वेळी बँकेला कळवून खाते आणि कार्ड रोखावे. फोनमधील संदेश आणि क्रमांक पुसू नयेत. तेच पुरावे आहेत. अमरावती शहर, अमरावती ग्रामीण आणि अकोला या तिन्ही ठिकाणच्या पोलिसांकडे सायबर तपासाची सोय आहे, आणि जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. खोट्या ओळखीने फसवणे आणि धाकाने पैसे उकळणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत.

त्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याचा संभव असतो: 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी एवढे शुल्क भरा.' हा त्याच ठगांचा दुसरा हात होय. पोलीस किंवा बँक त्यासाठी शुल्क घेत नाहीत. आणि फोन करणारा खरोखरच आपल्या बँकेचा निघाला, पण वागणूक मर्यादा सोडून झाली असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यांचा माहितीचा क्रमांक १४४४८ आहे.

घरची एक वही

शेवटी एक पथ्य. ज्या घरात औषधांची यादी लिहून ठेवतात, त्या घरात देण्याघेण्याचीही एक वही असावी. सोसायटीचे पीककर्ज, सोन्यावरचे कर्ज, घराचा हप्ता, कोणासाठी जामीन राहिलो ते, आणि जे फिटले त्याचा बेबाकी दाखला कोठे ठेवला आहे, हे त्यात लिहावे. कर्जमाफीत बसलेल्या खात्याचा उतारा शाखेतून आणून त्यात लावावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. घरातील शिकत्या मुलाने तो काढून द्यावा, म्हणजे आपल्या नावावर कोणी परस्पर कर्ज उचलले आहे का, तेही कळेल. मुलगी-जावई परगावी असतील तर वहीच्या पानांचे फोटो त्यांच्याकडे पाठवून ठेवावेत.

येत्या रविवारी दुपारी हे काम सर्वांनी मिळून करावे. पती गेल्यावर एकट्या राहणाऱ्या माउलीला त्या वहीचा सर्वांत मोठा आधार होईल. कोणी कितीही दरडावले तरी आपले देणे किती आणि कोणाचे, हे तिच्या स्वतःच्या हातात लिहिलेले असेल.